आमच्याकडे सगळं एक्स्टेंड होतं

जानेवारी २०२५ चा शेवट. सकाळच्या स्टँडअप कॉलवर मी नेहमीच्या निर्विकार आवाजात सांगितलं, "हे टिकेट या स्प्रिंटमध्ये बसत नाहीये, एक्स्टेंड होईल." मॅनेजरने 'ओके' म्हटलं, पुढच्याची पाळी आली. कॉल संपवून चहा ठेवतोय तोवर चिखलीहून बाबांचा फोन. "सोयाबीनची तारीख एक्स्टेंड झाली म्हनतात. सहा फेब्रुवारी."

बाबा इंग्रजी बोलत नाहीत. बोलायची वेळ कधी आली नाही आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पण 'एक्स्टेंड' त्यांच्या तोंडात असा सहज बसला होता, जणू तो कोळपं किंवा तिफणीसारखा आमच्याच घरातला शब्द आहे. एकाच सकाळी, एकाच घरातल्या दोन माणसांनी, एकाने पुण्यात आणि एकाने चिखलीत, दोन अगदी वेगळ्या कामांसाठी तोच शब्द वापरला होता. आणि दोघांनीही त्याला 'होणे' लावलं होतं. एक्स्टेंड होईल. एक्स्टेंड झाली. मी किंवा बाबा, कुणीही 'अमक्याने एक्स्टेंड केलं' असं म्हणालो नव्हतो. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं, आणि त्याचं कारण सोयाबीन नव्हतं. त्याकडे येतो.

आधी तारखा. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. खरेदीची मुदत आधी १२ जानेवारी, मग ३१ जानेवारी, मग ६ फेब्रुवारी. केंद्रावर बारदाना नाही म्हणून खरेदी बंद, मेसेज आला नाही म्हणून नंबर नाही, आणि या सगळ्यावर उपाय एकच: मुदतवाढ. त्याआधीच्या वर्षी लाडक्या बहिणीचे अर्ज १५ जुलै २०२४ पर्यंत होते, ते ३१ ऑगस्टपर्यंत गेले, पुढे आणखी गेले. गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटची ३१ मार्च २०२५ ही तारीख सरकत सरकत नोव्हेंबर ओलांडून गेली. तुमच्या फॅमिली ग्रुपवर हे सगळे फॉरवर्ड आले असतीलच. त्यातलं व्याकरण एकदा बघा. 'मुदतवाढ मिळाली.' 'मुदत वाढली.' 'डेट एक्स्टेंड झाली.' पाऊस पडला, ऊन पडलं, तशी मुदत वाढली.

इंग्रजीत एखादी गोष्ट लांब करण्यासाठी शब्दांचं अख्खं कपाट आहे. एक्स्टेंड, लेंग्थन, प्रोलाँग, इलाँगेट, प्रोट्रॅक्ट, स्ट्रेच, ड्रॅग आउट, स्पिन आउट, ईक आउट, पॅड. शाळेत आम्हाला यांना समानार्थी म्हणायला शिकवलं. व्याकरणाच्या पुस्तकात एक्स्टेंडसमोर तीन शब्द लिहिलेले असायचे आणि पेपरात कुठलाही लिहिला तरी मार्क मिळायचे. इंग्रजी माणूस मात्र हे शब्द आलटूनपालटून वापरत नाही. पँट लेंग्थन होते, मीटिंग नाही. मीटिंग प्रोलाँग होते, पँट नाही. प्रोलाँगला फक्त काळ लागतो. वेदना, मुक्काम, आजारपण, सुख. प्रोट्रॅक्ट तर बहुतेक तक्रारीच्याच सुरात येतो: वाटाघाटी, खटले, युद्ध. आपल्या कंपासपेटीतला प्रोट्रॅक्टर त्याचाच भाऊ, पण तो बिचारा कोन मोजतो आणि कुणाला त्रास देत नाही. ईक आउट म्हणजे तुटपुंजं असलेलं पुरवून पुरवून वापरणं. महिनाअखेरीला तेलाच्या बाटलीचं आई जे करते ते.

पॅड माझ्या पेशातला. एखादी अक्षरओळ ठरलेल्या लांबीची व्हावी म्हणून तिच्या आधी नुसत्या रिकाम्या जागा भरणं. हे काम करणारा अकरा ओळींचा एक जावास्क्रिप्ट तुकडा, त्याचं नावच लेफ्ट-पॅड, मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने इंटरनेटवरून काढून घेतला आणि जगभरातल्या कितीतरी कंपन्यांचे प्रोजेक्ट बिल्ड होईनासे झाले. पोकळ जागा भरणाऱ्या कोडवर एवढं जग उभं होतं. मराठीत याला 'भर घालणे' म्हणतात आणि परीक्षेतल्या पुरवण्या मोजणाऱ्या प्रत्येकाला ती कला येते.

या एवढ्या मोठ्या कपाटातून आपण उचललं काय? एक्स्टेंड. आणि त्याचं नाम, एक्स्टेन्शन. मांडववाल्याचा एक्स्टेन्शन बोर्ड, ब्राउझरचं एक्स्टेन्शन, फाइलचं एक्स्टेन्शन, रिटायर होणाऱ्या साहेबांना मिळालेलं एक्स्टेन्शन. आपल्या पंचायत समितीत 'विस्तार अधिकारी' बसतात, तेही मूळचे एक्स्टेन्शनवालेच. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी व्याख्यानं सुरू केली, तिथून या शब्दाला 'ज्ञान लांबवर पोचवणे' असा अर्थ चिकटला. मग शेतीत आला, आणि २ ऑक्टोबर १९५३ ला आपल्याकडे राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली तेव्हा गटागटात पोचला. ज्याने 'विस्तार' हा प्रतिशब्द निवडला त्याला दाद द्यायला हवी. विस्तारात पसरणं आहे, आडवं रुंदावणं आहे, झाडाच्या फांद्या आहेत. तेव्हा भाषांतर करणारा माणूस थांबून विचार करत होता की हे नेमकं कशा प्रकारचं वाढणं आहे. आता आपण थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

माझी डिग्री मेकॅनिकलची आहे. (हो, आणि काम सॉफ्टवेअरचं. माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुलांची हीच गोष्ट आहे.) दुसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असायचं: लोखंडाची सळई मशीनमध्ये दोन्हीकडून धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. सुरुवातीला ती लांबते, पण ओढणं थांबवलं की परत मूळच्या मापावर येते. या टप्प्यावरच्या लांबण्याला आमच्या मॅन्युअलमध्ये एक्स्टेन्शन म्हटलेलं असायचं आणि ते मोजायला एक्स्टेन्सोमीटर. पुढे एक बिंदू येतो, तिथून सळई परत येत नाही. ती लांबतच जाते, मधे बारीक होते, तिला मान फुटल्यासारखी दिसते, आणि मग ठाप्‌ करून आवाज येतो. सगळ्यात विचित्र भाग त्यानंतरचा. तुटलेले दोन तुकडे टेबलावर एकमेकांना नीट जुळवून ठेवायचे आणि मग लांबी मोजायची. मूळ लांबीपेक्षा किती टक्के जास्त, ते त्या सळईचं इलाँगेशन. म्हणजे इलाँगेशन कळतं ते तुटल्यानंतर. आमच्या शेजारच्या जालन्यात ज्या सळया बनतात त्यांनाही हे माप लागू आहे. आयएस १७८६ या मानकात ५०० ग्रेडच्या सळईला किमान १२ टक्के आणि ५०० डी ला १६ टक्के इलाँगेशन लागतं. भूकंपात घर एकदम कोसळू नये, आधी थोडं लांबावं, वाकावं, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळावा, म्हणून.

तर एक्स्टेन्शन आणि इलाँगेशन यातला फरक मला एकोणिसाव्या वर्षी तोंडपाठ होता. व्हायवात सांगितलाही होता. पाचेक वर्षांनी तो सांगायची खरी वेळ आली तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता.

आजीला, म्हणजे बाबांच्या मायला, रात्री दोन वाजता मोठ्या शहरातल्या दवाखान्यात हलवलं. ब्याऐंशीची होती. न्यूमोनिया, मग किडनी, मग व्हेंटिलेटर. मी पुण्याहून पोचलो तेव्हा आयसीयूच्या बाहेर बाबा, काका आणि आत्या बसले होते आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर मला बघून एकच भाव आला: आला, इंग्रजी समजणारा आला. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावलं. चांगले होते डॉक्टर, शांतपणे आणि पूर्ण वेळ देऊन बोलले. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं की, आहे हा सपोर्ट सुरू ठेवला तर आपण प्रोलाँग करू शकतो, पण रिकव्हरीची अपेक्षा मी देणार नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाढवता येईल म्हणतात. पण बऱ्या होतीलच असं नाही."

वाढवता येईल. मी हे दोन शब्द पुढे किती वेळा मनात फिरवले त्याला गणती नाही. डॉक्टरांच्या वाक्यात प्रोलाँगचं कर्म नव्हतं. काय प्रोलाँग करू शकतो, ते त्यांनी म्हटलंच नव्हतं, आणि मला ते विचारायचं सुचलं नाही. मी मराठीत आणताना 'वाढवणे' घेतलं, आणि वाढवणे म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात कर्म आपोआप येतं. आयुष्य. आयुष्य वाढतं, वय वाढतं, मूल वाढतं, पीक वाढतं, ताटात वाढतात. 'वाढ' हा आपल्याकडचा जवळजवळ शुभ शब्द आहे. आत्याने लगेच हात जोडले. "वाढवता येते ना? मंग वाढवू द्या." बाबांनी सही केली. दुसऱ्या वाक्यातला 'पण' कुणाच्या कानात शिरलाच नाही, कारण पहिल्या वाक्यात मी वाढ ठेवली होती.

त्यानंतर अकरा दिवस. ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तिचे हात बांधलेले होते, नळी ओढू नये म्हणून, आणि ते हात मी आयुष्यभर कामात बघितले होते.

डॉक्टरांच्या मनातलं न बोललेलं कर्म बहुधा 'मरणं' होतं. प्रोलाँग या शब्दाची हीच गंमत आहे, गंमत हा शब्द इथे चुकीचा आहे पण दुसरा सुचत नाही. वैद्यकाच्या आणि कायद्याच्या इंग्रजीत तो जगण्यालाही लागतो आणि मरण्यालाही. आयुष्य प्रोलाँग करणारे उपचार, असंही म्हणतात आणि मृत्यूची प्रक्रिया प्रोलाँग करणारे उपचार, असंही. दोन्ही वेळा मशीन तेच, नळी तीच. अरुणा शानभाग यांच्या खटल्यात देशभर याचीच चर्चा झाली होती. केईएममध्ये १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर त्या तिथेच पडून होत्या, पिंकी विराणी यांनी त्यांचं अन्न थांबवू देण्याची परवानगी मागितली, आणि ज्या परिचारिका त्यांना वर्षानुवर्षं भरवत होत्या त्यांनी विरोध केला. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने अरुणा यांच्या बाबतीत ती परवानगी नाकारली, पण काही परिस्थितीत उपचार काढून घेता येतील हे तत्त्व मान्य केलं. ९ मार्च २०१८ च्या निकालाने त्याला पक्का आकार दिला. मराठी वर्तमानपत्रांनी या सगळ्याला मथळा दिला 'इच्छामरण' आणि 'दयामरण'. दोन्ही शब्द मरणावर बोट ठेवतात. खरा प्रश्न लांबवण्याचा होता, की कोणी, काय, कुणासाठी लांबवायचं, आणि त्याला मथळ्यात जागाच नव्हती. परिचारिकांना दिसत होतं ते जगणं, विराणींना दिसत होतं ते मरणाचं लांबणं. एकाच क्रियापदाची दोन कर्मं घेऊन दोन बाजू भांडत होत्या.

कोशात 'प्रोलाँग' उघडलं तर 'लांबवणे' आणि 'वाढवणे' शेजारी शेजारी मिळतात, मध्ये एक स्वल्पविराम. माझी तक्रार त्या स्वल्पविरामाशी आहे. मराठीत ते दोन शब्द शेजारी राहत नाहीत. वाढवणे संस्कृतातल्या वर्ध्‌ वरून आलं, म्हणजे आतून मोठं होणं. लांब आलं ते लंब् वरून, आणि त्याचा मूळ अर्थ लोंबणं. विलंब, प्रलंबित, लोंबकळणे, सगळी एकाच घरची मंडळी. सरकारी कागदावर 'प्रलंबित' म्हणजे अक्षरशः लटकलेलं, आणि योगायोग असा की इंग्रजीतलं पेंडिंगसुद्धा लॅटिनमधल्या लटकण्यावरूनच आलंय. ज्या घरात कुणी आयसीयूत आहे त्या घराला विचारा, वाढ आणि लटकणं यात किती अंतर आहे ते.

एक्स्टेंडचं मूळ याहून वेगळं. ते ताणण्याचं. लॅटिनमधला तेन्दो आणि संस्कृतातला तन् हे चुलत भाऊ. एकीकडून एक्स्टेंड आणि टेन्शन आले, दुसरीकडून ताण, तान, तंतू. म्हणजे 'टेन्शन घेऊ नको' आणि 'ताण घेऊ नको' ही भाषांतरं नसून एकाच शब्दाची दोन रूपं आहेत, आणि आपण जेव्हा तारीख एक्स्टेंड करतो तेव्हा खरं तर तारीख ताणतो. असं म्हणून बघा. 'शासनाने सोयाबीन खरेदीची तारीख ताणली.' लगेच विचारावंसं वाटतं, का ताणली? आधीच नीट का ठरवली नाही? एक्स्टेंड म्हटलं की असं काही विचारावंसं वाटत नाही. तो शब्द इस्त्री करून आलाय.

आणि वाढवणे इतकंही साधं नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणायचं, फुटली म्हणायचं नाही. आजी या बाबतीत कडक होती. लहानपणी मी एकदा सकाळी "काका दुकान बंद करून गेले" म्हणालो तर तिने मला वाक्य बदलायला लावलं होतं. ज्या भाषेत फुटणं आणि संपणं यांनाही वाढणं म्हणायची पद्धत आहे, त्या भाषेत मी डॉक्टरांचं वाक्य 'वाढवता येईल' असं आणलं. आजीने ऐकलं असतं तर तिला कदाचित बरोबर कळलं असतं.

आता साहित्याकडे येतो, कारण शेवटी हे एक साहित्याचं ठिकाण आहे आणि मी इतका वेळ दवाखान्यात घालवला.

मराठी पुस्तक-परीक्षणात लांबीबद्दलची दोन ठरलेली वाक्यं आहेत. आवडलं तर 'प्रदीर्घ पट', 'विस्तृत अवकाश'. नाही आवडलं तर 'शेवट थोडा लांबला आहे', 'मधला भाग रेंगाळतो'. दुसऱ्या प्रकारात परत तेच: लांबला, रेंगाळतो. आपोआप. जणू लेखक झोपला होता आणि कादंबरी रात्रीतून दोडक्यासारखी वेलीवर लांबली. मराठीत लांबणे आणि लांबवणे, वाढणे आणि वाढवणे, रखडणे आणि रखडवणे यांच्यामध्ये एक 'व' असतो, आणि त्या 'व' मध्ये करणारा माणूस बसलेला असतो. आपण तो 'व' गाळून बोलतो. खामगाव-जालना रेल्वेमार्ग रखडला, असं मी लहानपणापासून वाचतोय; ब्रिटिशांच्या काळापासूनची मागणी, चिखलीतून जाणारी लाइन. रखडवला असं कुठल्या बातमीत वाचल्याचं आठवत नाही. वाचकाला आणि समीक्षकाला दोघांनाही त्या 'व' ची भीती वाटते, कारण तो लिहिला की पुढे नाव लिहावं लागतं.

टीव्ही मालिकांच्या बाबतीत मात्र लोक धीट आहेत. 'पाणी घालून वाढवली' हे आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईचं परखड समीक्षण आहे, आणि त्यात कर्ता आहे, कृती आहे, पदार्थाचं काय झालं तेही आहे. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी अकरा वर्षांहून जास्त चालली, तीन हजारांहून जास्त भाग. नावात चार दिवस! घरातल्या बायका ती बघत होत्या आणि शिव्याही देत होत्या, आणि त्या शिव्यांमध्ये मराठीतली लांबीविषयक सगळी शब्दसंपत्ती होती: चऱ्हाट, गुऱ्हाळ, लांबण, शेपूट, नमनाला घडाभर तेल. यातला प्रत्येक शब्द वेगळं काही सांगतो. चऱ्हाट म्हणजे वळत जाणारा दोर, त्यात निदान दोर तरी तयार होतो. गुऱ्हाळात तेच ते गोल फिरणं. शेपूट म्हणजे प्राणी संपला तरी पुढे काहीतरी आहे. ही टीकेची परिभाषा आहे, आयती, आणि आपण परीक्षणात 'थोडं एक्स्टेंड केल्यासारखं वाटतं' लिहितो.

आजी सप्त्याला जायची. चिखलीच्या आसपासच्या गावांमध्ये हरिनाम सप्ताह म्हणजे रोज रात्री कीर्तन, आणि कीर्तन म्हणजे मुळात लांब करण्याचीच कला: एक अभंग घ्यायचा आणि त्यावर दोन तास उभं राहायचं. चार चरणांचे दोन तास! परत आल्यावर ती दोन शब्दांत निकाल द्यायची. "रंगलं" किंवा "लांबवलं". एकदा एका नामांकित महाराजांचं कीर्तन दीड तासात आटोपलं तरी ती म्हणाली, लांबवलं. आणि गावातल्याच एका म्हाताऱ्या बुवांचं रात्री एकपर्यंत चाललं, ते रंगलं होतं. घड्याळाशी तिचा संबंध नव्हता. बुवांना अभंगात अजून काहीतरी दिसत होतं म्हणून ते थांबत नव्हते. महाराजांना मानधनापुरता वेळ भरायचा होता. 'लांबवलं' मधला 'व' ती ठासून म्हणायची.

हा निकष मी तेव्हापासून पुस्तकांना लावतो. भालचंद्र नेमाडे यांनी कादंबरीची व्याख्या करताना भाषेचा लांबरुंद पसारा ही तिची अटच मानली आणि लघुकथेला जवळजवळ हाकलून दिलं. मला ती हकालपट्टी पटत नाही, पण त्यांची 'हिंदू' (२०१०) वाचताना त्यांचं म्हणणं कळलं. सहाशेहून जास्त पानं. बाप अत्यवस्थ असल्याची बातमी येते, खंडेराव मोहेंजोदडोहून मोरगावकडे निघतो, आणि घर येईस्तोवर आठवणींना फाटे फुटत राहतात, फाट्यांना फाटे. मी ही कादंबरी आजी गेल्यानंतरच्या वर्षी दुसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचताना मी मित्राला 'मधे फार लांबलीय' असा मेसेज टाकला होता. दुसऱ्यांदा कळलं की ती लांबलेली नाही, खंडेराव लांबवतोय. घरी पोचलं की बाप मेलेला असणार. पोचणं जितकं पुढे ढकलता येईल तितकं तो ढकलतो, आणि आपल्यालाही ढकलायला लावतो. तरी काही ठिकाणी, विशेषतः जिथे माहितीच्या याद्याच्या याद्या येतात, तिथे खंडेराव बाजूला राहतो आणि नेमाडे लांबवतात. ती पानं मी दोन्ही वेळा चाळली. हा माझा निकाल, आजीच्या पद्धतीने.

आता तर लिहिण्याच्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये मजकूर लांब करायचं बटण आलंय. चार ओळी टाका, चाळीस मिळतील. कुठल्या प्रकारे लांब करू, असं ते विचारत नाही. रंगवू का लांबवू, पुरवू का पाणी घालू. एक बटण, एक शब्द. लिंक्डइनवर रोज जे वाचतो ते पॅडिंगच आहे, आणि गंमत म्हणजे ते वाचायला कंटाळा येतो म्हणून दुसरं बटण आहे, थोडक्यात सांगणारं. (हा लेखही काही थोडक्यात नाही, याची मला जाणीव आहे.)

लांब करायचा एक प्रकार मात्र कुठल्याच बटणात बसणार नाही. पाणिनीने स्वरांची तीन मापं सांगितली: ऱ्हस्व, दीर्घ आणि प्लुत. प्लुत म्हणजे तीन मात्रांचा, दीर्घाहून लांब. टीकाकार त्याचं उदाहरण म्हणून कोंबड्याचं आरवणं दाखवतात. आणि तो कुठे वापरायचा याचा एक नियम आहे: दूरच्या माणसाला हाक मारताना. वऱ्हाडात हा नियम कुणी न शिकता पाळतं. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला हाक मारली की नावातला एक स्वर बांधापासून बांधापर्यंत जातो. आजी मला अंगणातून अशीच हाक मारायची, आणि मी कुठेही असलो तरी ती मला गाठायची.

सोळाव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. मी या वेळी तयारी करून गेलो होतो, काय विचारायचं ते फोनच्या नोट्समध्ये लिहून. त्याची गरज पडली नाही. डॉक्टर बोलायला लागायच्या आत बाबा म्हणाले, "साहेब, आता लांबवू नका." डॉक्टर काही क्षण गप्प राहिले, मग मराठीतच म्हणाले, "हो. बरोबर आहे." हा शब्द बाबांना मी दिला नव्हता.

परत त्या जानेवारीतल्या फोनकडे. सहा फेब्रुवारीची तारीख कळल्यावर मी बाबांना म्हणालो, मग आता थांबाल ना, नंबर लागेपर्यंत. ते म्हणाले, पाहू. आठवड्याभराने पुन्हा फोन झाला तेव्हा सोयाबीन विकून झालं होतं. व्यापाऱ्याला, चार हजाराने. मी मनात वजाबाकी केली, क्विंटलमागे आठशे ब्याण्णव.

"थांबायचं ना थोडं," मी म्हणालो. "अजून एक्स्टेंड झाली असती कदाचित."

"कोन करते?" बाबा म्हणाले.